टेकडीवरचं पाणी आणि माझा तक्ता

पुण्याहून अमरावतीला परत आले त्याला आता सात वर्षं होतील. आई आधीच गेलेली, बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि कंपनी घरून काम करू देईना, इतकं साधं कारण होतं. राजीनामा दिला आणि इथेच स्वतःचं काम सुरू केलं. त्या कामाचं इंग्रजी नाव भारदस्त आहे. मराठीत सांगायचं तर, एखाद्या कार्यालयाने किंवा कारखान्याने येत्या चार-पाच वर्षांत कोणती यंत्रणा घ्यावी, कोणती घेऊ नये आणि घेतली तर तिथल्या माणसांच्या कामात काय बदलेल, हे मी जाऊन बघते आणि लिहून देते. मी स्वतः काही विकत नाही.

बाबा शाळेत गणित शिकवायचे. सुरुवातीला ते आठवड्यातून एकदा तरी विचारायचे, "म्हणजे तू नेमकं काय करून राहिली?" मी समजावून सांगितलं की म्हणायचे, "म्हणजे इन्स्पेक्शन." तसं नाही म्हटलं की, "मंग डॉक्टरकी. फक्त औषध देत नाहीस." हे मला पटलं नव्हतं, पण शेजाऱ्यांना सांगायला सोपं पडलं.

कामं मिळत गेली. अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतली एक डाळ मिल, अमरावतीतलं एक खासगी रुग्णालय, दोन सरकारी कार्यालयं. डाळ मिलच्या मालकांनी तीन वेगवेगळ्या लोकांकडून तीन सॉफ्टवेअर घेतली होती आणि फाटकावरचा वॉचमन आत आलेल्या ट्रकचे नंबर खडूने भिंतीवर लिहीत होता. मी त्यातली दोन बंद करायला सांगितली. मालक आधी चिडले, मग बंद केली. माझ्या कामातला बराच भाग असाच असतो, लोकांना काय घेऊ नका ते सांगण्याचा. त्यामुळे मी जरा आत्मविश्वासात होते. आपण नीट बघतो, असं मला वाटत होतं.

अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून नगरपरिषदेचं बोलावणं आलं ते याच दिवसांत. गावाचं नाव लिहीत नाही. मुख्याधिकारी तरुण होते, नाशिककडचे, दुसरीच नेमणूक. एका कंपनीचे लोक त्यांना भेटून गेले होते. गावातल्या प्रत्येक मुख्य पाइपवर सेन्सर बसवायचे, सगळे व्हॉल्व्ह बटणावर उघडायचे आणि बंद करायचे, आणि ऑफिसात भिंतीएवढ्या पडद्यावर सगळं दिसेल, असा त्यांचा प्रस्ताव होता.

मुख्याधिकारी मला म्हणाले, "मॅडम, मला हे हवंय की नकोय, तेच कळत नाही. तुम्ही पाणीपुरवठ्याचा पाच वर्षांचा आराखडा करून द्या. त्यात हे बसतं का ते सांगा."

त्या गावात नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी येतं. वऱ्हाडात याचं कोणाला नवल वाटत नाही. एकच उंच टाकी आहे. पाळीच्या दिवशी तिच्यातून गावाच्या चारही भागांना पाणी सुटतं. प्रत्येक भागाला एक तास. हे सोडणं-बंद करणं चार माणसं करतात. त्यांना व्हॉल्व्हमन म्हणतात. खांद्याएवढ्या उंचीची लोखंडी चावी घेऊन ते सायकलवर किंवा मोटरसायकलवर फिरतात, रस्त्यातलं झाकण उचलतात आणि चावी खाली घालून व्हॉल्व्ह फिरवतात.

पुढचं ठरवण्याआधी आज नेमकं काय चालतं ते कळायला हवं, असं मी म्हटलं. कागदावर एक तास होता, पण खरंच एक तास पाणी सुटतं का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून मी एक छोटं अॅप करून घेतलं. त्यात दोनच बटणं होती, 'उघडला' आणि 'बंद केला'. चौघांना एकेक फोन दिला. सहा आठवडे त्यांनी प्रत्येक वेळी बटण दाबायचं होतं.

चौघांपैकी तिघांनी फोन खिशात टाकला आणि बरं म्हणाले. चौथा थांबला. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने वाळका, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला. त्याच्याकडे वरचा भाग होता. वरचा म्हणजे पायथ्याच्या सपाटीवर नोकरदारांची नवी कॉलनी आणि तिच्यामागे टेकडीवर चढत गेलेली जुनी वस्ती; दोन्हींचे व्हॉल्व्ह वेगळे, वेळ प्रत्येकी एक तास.

"तुमी पुन्याच्या का मॅडम?" त्याने विचारलं.

"नाही, अमरावतीची."

"मंग उद्या सकायी या. पाहून घ्या एक डाव."

दुसऱ्या दिवशी पहाटेच अमरावतीहून निघाले आणि सहाला त्याच्याबरोबर होते. त्याने कॉलनीचा व्हॉल्व्ह उघडला. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. पाचेक मिनिटांत घराघरातून पाण्याचा आवाज यायला लागला. एका घरासमोर एक गृहस्थ गाडी धुवायला लागले. दुसरीकडे पाइप लावून अंगणात सडा सुरू झाला. पाऊण तास होण्याआधीच त्याने चावी फिरवून व्हॉल्व्ह बंद केला. मी घड्याळाकडे बघितलं. मग आम्ही टेकडीखाली गेलो. तिथला व्हॉल्व्ह त्याने उघडला आणि मला म्हणाला, "आता इथं बसा. इथं येळ लागते."

खालच्या घरांत पाणी आलं. वरच्या गल्लीत भांडी मांडून बायका उभ्या होत्या, तिथे काहीच नव्हतं. अर्धा तास गेला. पाऊण गेला.

"पानी काही शिकेल नाई मॅडम," तो म्हणाला. "त्याले टाइमटेबल वाचता येत नाई. खाली जागा दिसली का खालीच जाते. खालचे लोकं भरून नळ बंद करतेत, तवा थे वर चढते."

वर पाणी चढलं तेव्हा ठरलेला तास संपून वर वीस मिनिटं झाली होती. त्यानंतर अर्ध्या तासाने त्याने व्हॉल्व्ह बंद केला.

परतताना त्याने खिशातला फोन काढला. "हे मी खरं दाबलं तं मले काही होईन का?"

"नाही," मी म्हणाले. "हे कोणाला पकडायला नाही. काम कसं चालतं एवढंच बघायचंय. तुम्ही खरं तेच दाबा."

"तुमच्या शब्दावर दाबतो मंग," तो म्हणाला.

सहा आठवडे मी अमरावतीतल्या माझ्या टेबलावरून नोंदी येताना बघत होते. मधल्या काळात एका दवाखान्याचं काम संपवायचं होतं, बाबांची तपासणी होती. गावात आणखी दोनदाच गेले, तेही मुख्याधिकाऱ्यांशी बोलायला. नोंदी पूर्ण झाल्यावर मी तक्ता केला. ठरलेली वेळ एका रकान्यात, प्रत्यक्ष वेळ दुसऱ्यात, फरक तिसऱ्यात. फरक पाच मिनिटांच्या आत असेल तर हिरवा रंग, दहाच्या आत असेल तर पिवळा आणि त्याहून जास्त असेल तर लाल. हे रंग मी हाताने भरले नाहीत, नियम दिला आणि ते आपोआप भरले गेले. तीन भाग वरपासून खालपर्यंत हिरवे होते. चौथा, त्याचा, सगळा लाल होता.

त्या पहाटे मी स्वतः तिथे बसले होते. वर पाणी का उशिरा चढतं ते मला माहीत होतं. तरीही तो तक्ता मी सादरीकरणात तसाच घातला. शीर्षक दिलं, 'वेळापत्रक व प्रत्यक्ष पुरवठा: विभागनिहाय तफावत'. खाली एक ओळ लिहिली की या तफावतीची कारणं पुढच्या भागात येतील. पुढचा भाग बारा पानांनंतर होता. आज विचार करते तेव्हा एवढंच आठवतं की तक्ता दिसायला चांगला झाला होता, स्वच्छ, एका नजरेत कळणारा, आणि त्याचा मला आनंद झाला होता.

सादरीकरण नगरपरिषदेच्या सभागृहात झालं. मुख्याधिकारी, पाणीपुरवठ्याचे अभियंता आणि समितीचे पाच-सहा सदस्य होते. तक्ता पडद्यावर आला आणि एक सदस्य खुर्चीत पुढे सरकले. कॉलनी त्यांच्या वॉर्डात होती.

"हे लाल काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला सुरुवात केली की उंचीमुळे, दाबामुळे...

"ते राहू द्या. आमच्या कॉलनीले तासाच्या जागी चाळीस मिनिटं पानी भेटून राहिलं, अन् टेकडीवर दोन-दोन तास. बरोबर?"

"आकडे तसेच आहेत, पण..."

"बस. एवढंच पायजे होतं." ते मुख्याधिकाऱ्यांकडे वळले. "साहेब, त्या मानसाची बहीन राह्यते टेकडीवर. विचारा कोनालेही."

पुढची बारा पानं मी दाखवली. कोणी बघितली असं वाटलं नाही. मुख्याधिकारी वहीत काहीतरी लिहीत होते. बैठक संपली तेव्हा अभियंत्यांनी मला चहा विचारला, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

चार दिवसांनी त्यांचाच फोन आला. त्या व्हॉल्व्हमनला कारणे दाखवा नोटीस दिली होती. परवानगी न घेता पुरवठ्याची वेळ बदलणे, नातेवाइकांच्या लाभासाठी पाणी वळवणे. नोटिशीला पुरावा म्हणून माझा तक्ता जोडलेला होता. माझ्या नावाचं, सहीचं पान.

"मॅडम, तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून सांगितलं," अभियंता म्हणाले.

त्या दिवशी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी तक्ता मागितला. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मग लाल भाग सोडून हिरव्या भागावर बोट ठेवलं.

"हे तिघं दर पाळीले बरोबर एक तास पानी सोडतेत?"

"हो."

"सहा आठवडे? कधी झाकण अडकलं नाही, कधी गाडी पंक्चर झाली नाही, कधी कोनी ताप आला म्हनून उशिरा उठलं नाही? पोरांनी गृहपाठ एकमेकांचा पाहून लिहिला की असाच दिसते."

मी मूळ नोंदी उघडल्या. सेकंदांपर्यंत बघितल्या. एका भागात दर पाळीला सहा वाजून शून्य मिनिटांनी 'उघडला', सात वाजून शून्य मिनिटांनी 'बंद केला'. दोघांच्या नोंदी जवळजवळ एकाच क्षणी, आणि अॅपने आपोआप टिपलेली फोनची जागा एकच, बसस्टँडजवळची. त्यांचे भाग गावाच्या दोन टोकांना होते. ते तिघं वेळापत्रक बघून बटण दाबत होते. खरं दाबणारा एकच होता आणि माझ्या रंगांनी त्यालाच वेगळा काढून दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला भेटायला गेले. तो ड्युटीवरच होता, टेकडीखालच्या व्हॉल्व्हपाशी. मला पाहून उठला, नमस्कार केला, पुन्हा बसला.

"भाऊ, माझी चूक झाली," मी म्हणाले.

त्याने चावी मांडीवर आडवी ठेवली होती. म्हणाला, "तुमच्यावर राग नाई मॅडम. पन थो कागद सायबाले दाखवाच्या आंधी एक डाव मले दाखवाले पायजे होता. मी दोन मिन्टात सांगतलं असतं. आता मी काई बी सांगतलं तरी लोकं म्हन्तेत, नोटीस आली म्हनून बोलून राहिला."

"बाकीचे तिघं..."

"थे त्याहिचं त्याहिले माहीत," तो मध्येच म्हणाला. "मी कोनाचं नाव घेनार नाई. तुमी बी नका घेऊ. लेकरंबाळं हायेत त्याहिले."

तेवढ्यात वरच्या गल्लीतून एक बाई खाली आल्या. साठीच्या असतील. "तुमीच का त्या कम्पुटरवाल्या बाई?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "चाला मंग. आमचा नळ पाहून घ्या."

त्यांच्या घरासमोर गुडघाभर खोल खड्डा होता, आतून सिमेंट केलेला. नळ त्या खड्ड्यात होता. वर जोर नाही म्हणून लोकांनी नळच खाली नेले होते. त्या सांगत होत्या, "पानी आलं का मी खाली उतरतो, सून वरून पान्याचा गुंड घेते. आता सांगतेत का त्यानं बहिनीसाठी पानी सोडलं. त्याची बहीन तं पार खाली राह्यते, रस्त्याले लागून. तिच्या नळाले पयलेच येते. तिले काय फायदा?"

पहिल्या दिवशी मी टेकडीच्या पायथ्याशी बसले होते. वर चढून गेले नव्हते. हे खड्डे मी तेव्हा बघितलेच नव्हते.

गाडीत बसून मी बराच वेळ विचार केला. सोपा मार्ग समोर होता. तिघांच्या नोंदी खोट्या आहेत हे मी अर्ध्या तासात सिद्ध करू शकले असते. पण मग नोटिसा आणखी तिघांना गेल्या असत्या, आणि त्याही माझ्याच कागदाला जोडून. शिवाय त्याच्यावरचा आरोप आळसाचा नव्हे, पक्षपाताचा होता. दुसरे खोटं दाबत होते हे दाखवून तो गेला नसता. टेकडी किती उंच आहे हे दाखवणं भाग होतं.

अभियंत्यांना फोन केला. "टेकडीची उंची तुमच्या नकाशात आहे का?"

"नकाशाच नाही मॅडम. जुना होता, तो सापडत नाही."

"मोजू या का?"

ते म्हणाले, "रविवारी येतो. ऑफिशियल नको."

रविवारी सकाळी आम्ही तिघं होतो, अभियंता, तो आणि मी. गवंडी भिंतीची पातळी बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तीच घेतली. एक टोक त्याने धरायचं, दुसरं अभियंत्यांनी, आणि नळीतलं पाणी जिथे थांबेल तिथे मी खडूने खूण करायची. व्हॉल्व्हपासून सुरुवात केली आणि घरागणिक वर चढत गेलो. पहिल्यांदा तो सांगितलं तेवढंच करत होता. चौथ्या-पाचव्या घरानंतर अभियंत्यांना म्हणाला, "सायेब, नळी ढिली धरा, बुडबुडा अटकला." मग हळूहळू त्यानेच सगळं हातात घेतलं. कुठल्या वळणावर पाइप दोन इंची आहे, कुठे जुना बारीक आहे, कुठे रस्ता करताना दबला, हे तो चालता चालता सांगत होता आणि अभियंता लिहून घेत होते. दुपारी बारापर्यंत शेवटच्या नळाशी पोचलो. खुणा जोडल्या तेव्हा खालच्या पहिल्या नळापेक्षा वरचा शेवटचा नळ अकरा फूट उंच निघाला.

सावलीत बसून अभियंत्यांनी कागदावर आकडेमोड केली. आधी कॉलनीला पूर्ण तास पाणी सोडलं की टाकीतली पातळी इतकी उतरत होती की वरच्या गल्लीपर्यंत चढायला जोरच उरत नव्हता. कॉलनीचं पाणी वीस मिनिटं आधी बंद केलं तरच वर जाऊ शकत होतं.

"त्याच्यापरीस सोपं हाये," तो म्हणाला. "टाकी भरेल असते तवा आंधी टेकडी सोडा. मंग कालनी. कालनी खाली हाये, तिले कमी पान्यातबी जोर भेटते. कोनाचं काई कमी करा लागत नाई. तीन साल झाले मी हेच सांगून राहिलो."

मी अभियंत्यांकडे बघितलं.

"सांगितलं होतं त्यांनी," अभियंता म्हणाले. "पण कॉलनीला सकाळी सहाचीच वेळ पाहिजे. ऑफिसला जायचं असतं लोकांना. वेळ बदलायला वरून होकार नव्हता. मीही नेट लावला नाही."

सोमवारी मी मुख्याधिकाऱ्यांना पत्र दिलं. सादरीकरणातला तक्ता मागे घेत आहे. त्यातले वरच्या भागाचे आकडे खरे आहेत, मात्र ते कारणांशिवाय दाखवणं ही माझी चूक आहे. इतर तीन भागांच्या नोंदी निष्कर्ष काढण्याजोग्या नाहीत. सोबत उंचीची मोजणी, अभियंत्यांची सही. खड्ड्यातल्या नळांचे फोटो.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "मॅडम, तुम्ही तुमचाच अहवाल चुकीचा म्हणताय. उद्या मला कोणी विचारलं तर काय सांगू?"

"तेच सांगा. आकडे बरोबर होते, मांडणी चुकली."

"आणि ह्या तीन भागांच्या नोंदी निष्कर्ष काढण्याजोग्या नाहीत, म्हणजे काय? खोट्या आहेत?"

"वापरण्याजोग्या नाहीत," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. मग त्यांनी पत्रावर शेरा मारला आणि बाजूला ठेवलं. सल्लागाराने गिऱ्हाइकापासून माहिती लपवू नये, हे मी इतरांना शिकवत आले आहे.

सुनावणी पंधरा दिवसांनी झाली. मी हजर राहायची परवानगी मागितली, ती मिळाली. कॉलनीच्या वॉर्डाचे ते सदस्यही होते. अभियंत्यांनी भिंतीवर उंचीची आकृती लावली, आधी टेकडी आणि मग कॉलनी असा क्रम सुचवला आणि एक महिना करून बघू म्हणाले. सदस्य बहिणीवर आले तेव्हा मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, "ती कुठल्या घरात राहते?" अभियंत्यांनी आकृतीतलं सगळ्यात खालचं घर दाखवलं. सदस्य तो विषय सोडून कॉलनीची सहाची वेळ गेली तर लोक ओरडतील, असं म्हणाले. लोक ओरडले, दोन आठवडे. मग साडेसातची सवय झाली. काहींना ती बरी वाटली. टेकडीवरच्या वरच्या गल्लीत पाणी पाऊण तासात चढायला लागलं. पूर्वीपेक्षा ते लवकरच होतं.

नोटीस मागे घेतली गेली नाही. ती निकाली काढली गेली. पक्षपाताचा आरोप सिद्ध होत नाही, मात्र वरिष्ठांच्या परवानगीशिवाय वेळ बदलल्याबद्दल 'सक्त समज देण्यात येत आहे', असं वाक्य त्याच्या नोकरीच्या कागदात कायमचं राहिलं. मी ते काढून टाकायला विनंती केली. मुख्याधिकारी म्हणाले, "फाइल बंद करायला काहीतरी लिहावं लागतं मॅडम. हे सगळ्यात कमी आहे." ते खोटं बोलत नव्हते.

त्याने फोन अभियंत्यांकडे परत केला. पुन्हा बटण दाबलं नाही. मी त्याला आग्रह केला नाही.

आराखडा मी पूर्ण करून दिला. त्यात पाइपांवरचे सेन्सर आणि भिंतीएवढा पडदा नव्हता. टाकीवर पातळी दाखवणारं एक यंत्र, गावातल्या सगळ्या पाइपांचा आणि उंचीचा नकाशा, आणि चारही व्हॉल्व्हमनना वर्षातून दोनदा अभियंत्यांसोबत बसवून वेळापत्रक तपासणं, एवढंच होतं. मुख्याधिकाऱ्यांना ते थोडं वाटलं असावं. नकाशा झाला, यंत्र बसलं. पुढच्या टप्प्याचं काम दुसऱ्या कोणाला तरी मिळालं. मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही.

तेव्हापासून मी करारात एक अट घालते. ज्यांच्या कामाच्या नोंदी आहेत त्यांना मसुदा आधी दाखवला जाईल, आणि त्यांचं म्हणणं त्याच पानावर छापलं जाईल. अर्धे लोक ही अट वाचतही नाहीत. परतवाड्याच्या एका व्यापाऱ्याने ती खोडली आणि म्हणाला, "म्हणजे मी माझ्याच हमालांना विचारून धंदा करू?" मी ते काम घेतलं नाही. अकोल्यातल्या एका कापूस जिनिंगवाल्यांनी ती तशीच ठेवली आणि मसुदा वाचायला आलेल्या मशीनवरच्या बायकांनी माझ्या अकरा चुका काढल्या. त्यातल्या चार मला मान्य नव्हत्या. तरी छापल्या.

दोन वर्षांनी अभियंत्यांनी कळवलं की तो निवृत्त होतोय. कार्यक्रम नगरपरिषदेच्या त्याच सभागृहात होता. मला निमंत्रण नव्हतं, तरी गेले. मागच्या रांगेत बसले. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. त्याला बोलायला सांगितलं तेव्हा तो उभा राहिला, माइक दूर केला आणि म्हणाला, "टेकडीखालचा व्हॉल्व्ह घासला हाये. बदलून घेजा." आणि बसला.

बाहेर येताना त्याने मला पाहिलं. "घरी चाला मॅडम. बहिनीनं पोहे केले हायेत."

बहिणीचं घर रस्त्याला लागून होतं, टेकडीच्या अगदी पायथ्याशी. त्याने ओळख करून दिली, "ह्या त्या अमरावतीच्या मॅडम." ती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुमच्यापायी माह्या भावाचं दोन महिने जेवन सुटलं होतं."

"हो," मी म्हणाले.

"अवो, राहू दे ना," तो म्हणाला.

"काहून राहू देऊ? झालं थे झालं, पन सांगाले काय लागते." तिने माझ्या हातात ताटली दिली. "घ्या. गरम हायेत तवर खा."

मी खाल्ले. तिने पुन्हा वाढले, तेही खाल्ले. तीन वाजता अकोल्यात एका रुग्णालयाची बैठक होती. अडीचला निघाले, थोडा उशीर झाला.